सहा मीटरवरची कुजबुज

आमच्या काकांशी बोलायचं असेल तर त्यांच्या उजव्या बाजूला बसावं लागतं. कंधार तालुक्यातलं गाव, १९८६ साली तोफखान्यात भरती, २००८ साली हवालदार म्हणून पेन्शन. डाव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही. घरात हे इतकं अंगवळणी पडलंय की लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलायचं काम असलेला माणूस आपोआप त्यांच्या उजवीकडं पाट मांडतो. कानाला काय झालं म्हणून विचारलं तर ते एकच शब्द सांगतात : "तोफ." १०५ मिलिमीटरची तोफ, देवळालीचं आणि राजस्थानातलं फायरिंग, आणि कानात कापसाचे बोळे.

२०२४ च्या दिवाळीत मी त्यांना विचारलं, "निवृत्तीच्या वेळी डॉक्टरनं कान तपासला नव्हता का?" म्हणाले, तपासला होता. डॉक्टर सहा मीटरवर उभा राहून दबक्या आवाजात काहीतरी बोलतो, आपण पाठमोरं उभं राहून ते परत म्हणायचं. एकदा एका कानाला, एकदा दुसऱ्या. "मग?" "रांगेत पुढच्याला काय विचारलं ते ऐकलं होतं. तेच म्हणून टाकलं. मेडिकल बोर्डात अडकलं की महिना-दोन महिने जातात. घराकडं यायची घाई होती."

फौजेतल्या दुखण्याची पेन्शन, म्हणजे ज्याला सगळे डिसॅबिलिटी पेन्शन म्हणतात ती, मागायला माणूस निवृत्तीनंतर निघतो. पण तिचा निकाल बहुतेक वेळा त्याआधीच लागलेला असतो. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, दाखवायला न गेलेल्या दिवशी, जखमेचा रिपोर्ट न केलेल्या दिवशी, आणि काकांसारखं 'सब ठीक है साब' म्हटलेल्या दिवशी. दुखणं किती आहे यापेक्षा ते कधी, कुठं आणि कुणी लिहून ठेवलं यावर हे सगळं चालतं.

साताऱ्याच्या अपशिंगे गावात घरटी फौजी आहे. तिथल्या पोराला मेडिकल बोर्ड म्हणजे काय हे आजोबाच सांगतात. आपल्याकडं तसं नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तीही केव्हाच इतिहासजमा झाली. इंग्रजांच्या पलटणींची भरती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीत पिढ्यान्‌पिढ्या झाली, तशी ती मुखेड-देगलूरात किंवा निलंगा-उदगीरात झाली नाही. त्यामुळं आपल्या भागातले बरेचसे जवान घरातले पहिले किंवा दुसऱ्या पिढीतले फौजी. सैन्याचं रुग्णालय ना नांदेडला, ना लातूरला. त्यासाठी छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे किंवा सिकंदराबाद गाठावं लागतं. सल्ला देणारा म्हातारा सुभेदार पारावर नसणं ही आपली खरी अडचण आहे, आणि हा लेख लिहायचं कारणही तेच.

मेडिकल बोर्डापुढं, म्हणजे तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांपुढं, दोन प्रश्न असतात. पहिला, हे दुखणं नोकरीमुळं झालं का, किंवा आधीपासून असलेलं दुखणं नोकरीमुळं वाढलं का? दुसरा, त्यानं शरीराची किती टक्के हानी झाली? दोन्हींची उत्तरं जुळली तरच पेन्शन. टक्के २० किंवा त्याहून जास्त हवेत. पहिल्या प्रश्नाला बोर्डानं 'नोकरीमुळं झालं नाही आणि वाढलंही नाही' असं लिहिलं, की ७० टक्के हानीसुद्धा हिशेबात येत नाही. आपली माणसं टक्क्यांवर भांडतात. खरं भांडण पहिल्या प्रश्नावर असतं.

सैन्यात प्रकृतीची वर्गवारी 'शेप' या शब्दानं करतात. मन, कान, हातपाय, एकंदर शारीरिक क्षमता आणि डोळे ही त्यातली पाच अंगं. सगळीकडं एक आकडा असेल तर 'शेप-वन', म्हणजे धडधाकट. कुठल्याही अंगाचा आकडा वाढला की लो मेडिकल कॅटेगरी. ही कॅटेगरी लागली की बढतीत अडचण, कोर्स हुकतो, चांगल्या पोस्टिंगवर पाणी सोडावं लागतं. म्हणून जवान गुडघ्याला क्रेप बँडेज बांधतो, वेदनाशामक गोळ्या गिळतो आणि धावतो. ही भीती खोटी नाही, त्यामुळं त्याला नुसतं 'लपवू नको' असं सांगणं सोपं आहे. पण दुसरी बाजूही त्याच्यापुढं मांडायला हवी. पंधरा-वीस वर्षं शेप-वन राहिलेल्या माणसाचा गुडघा निवृत्तीनंतर दोन वर्षांनी निकामी झाला, तर तो फौजेत झिजला हे सांगायला एकही कागद उरत नाही.

लो कॅटेगरीतला जवान निवृत्त होतो तेव्हा त्याचं रिलीज मेडिकल बोर्ड होतं. मुदतीआधीच प्रकृतीमुळं घरी पाठवायचं असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्ड, म्हणजे 'बोर्ड आऊट'. दोन्हींचा कागद एकच, एएफएमएसएफ-१६. हा फॉर्म जवानानं स्वतः नीट वाचलाच पाहिजे, कारण त्याच्या सुरुवातीला त्याचं स्वतःचं निवेदन असतं. कुठं-कुठं, कधी ते कधी नोकरी केली, त्यातली फिल्ड (मोहिमेवरची) कुठली आणि पीस (छावणीतली) कुठली. हे दुखणं पहिल्यांदा कधी सुरू झालं, त्या वेळी कुठं होतात, कुठल्या रुग्णालयात उपचार झाले. भरतीच्या आधी असा त्रास होता का. नोकरीतल्या कशामुळं हे झालं असं तुम्हाला वाटतं. खाली सही.

बहुतेकदा हे निवेदन घाईत भरलं जातं. एखादा क्लार्क विचारतो, जवान होय-नाही सांगतो, क्लार्क लिहितो. शेवटच्या प्रश्नाच्या रकान्यात 'माहीत नाही' किंवा नुसती आडवी रेघ. अशी रेघ पुढं फार महाग पडते. बोर्डाला जायच्या आधी एका वहीत घरी बसून लिहून काढावं : पाठीत पहिली कळ कधी आली, त्या दिवशी काय काम चाललं होतं, किती उंचीवर, किती वजन, कोण बरोबर होतं, एमआय रूममध्ये कोणत्या तारखेला दाखवलं, कुठल्या लष्करी रुग्णालयात किती दिवस भरती होता. उपचारांच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, कॅटेगरी लागल्याचे कागद, जखम झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत. आणि हे सांगताना रंगवून सांगू नये. बोर्डातल्या डॉक्टरनं अशी शेकडो माणसं पाहिलेली असतात. खांद्याच्या वर हात जात नाही असं म्हणून जो माणूस दुसऱ्या मिनिटाला त्याच हातानं शर्ट काढतो, त्याचं बाकीचं खरं दुखणंही खोटं ठरतं. जेवढं आहे तेवढं, पण सगळं सांगावं.

शस्त्रक्रिया सुचवली होती आणि जवानानं नकार दिला होता, तर तेही बोर्ड विचारतं आणि नकार वाजवी होता का याचं मत नोंदवतं. नकार देताना कारण लिहून ठेवलेलं असावं. दारू किंवा तंबाखूमुळं झालेल्या आजाराला भरपाई नाही. यकृताच्या दुखण्यात हे वारंवार आडवं येतं.

आता सुट्टीतल्या अपघाताबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात हे फार घडतं. जवान पोळ्याला किंवा बहिणीच्या लग्नाला महिन्याभराच्या रजेवर येतो. मोटारसायकलवरून बाजाराला जाताना ट्रॅक्टरला धडकतो, पाय मोडतो. हे नोकरीमुळं झालं असं सहसा मानलं जात नाही, कारण नोकरीशी त्याचा धागा जुळत नाही. पण युनिटमधून घरापर्यंत येतानाचा आणि घरून युनिटला परतायचा प्रवास हा नियमानुसार ड्युटीत धरला जातो. नांदेड स्टेशनवर उतरून गावाकडं जाताना रात्री जीप उलटली, तर तो अपघात ड्युटीवरचा ठरू शकतो. ठरण्यासाठी काय लागतं? रजेचा कागद, रेल्वे वॉरंट किंवा तिकीट, पोलिसांचा पंचनामा, ज्या दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तिथली नोंद आणि त्या नोंदीवर बरोबर वेळ. आणि युनिटला त्याच दिवशी कळवणं, शक्यतो लेखी. घरचे लोक पोराला शुद्धीवर आणण्याच्या धांदलीत असतात, तिकीट रक्तानं भिजलेल्या पँटच्या खिशातच राहतं आणि पँट फेकून दिली जाते. घरातल्या एका तरी माणसाला हे आधी माहीत असलं पाहिजे.

मनाच्या आजाराचं तर त्याहून अवघड. रजेवर आलेला पोरगा रात्र-रात्र झोपत नाही, एकटाच बोलतो, कुणावर तरी धावून जातो. घरचे त्याला देवाला नेतात, अंगारा लावतात, कुणी बाहेरचं म्हणतं. लग्नात अडचण येईल म्हणून गावात कळू देत नाहीत. रजा संपते, तो परत जातो, तिकडं पुन्हा बिघडतो. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण त्या महिन्यात एकदा तरी नांदेडच्या किंवा लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार विभागात दाखवून केसपेपर घ्यायला हवा. आधी पोरावर उपचार सुरू होतात म्हणून, आणि नंतर तो कागद त्याच्या कामी येतो म्हणूनही.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार या दुखण्यांत बोर्डाचं उत्तर बऱ्याचदा ठरलेलं असतं : आजार पीस स्टेशनवर सुरू झाला, फिल्डच्या ताणाशी संबंध नाही. हृदयविकाराच्या बाबतीत झटका येण्याआधीच्या १४ दिवसांत जवान काय ड्युटी करत होता हे तपासतात. त्या १४ दिवसांत तो सलग गार्डवर होता, कुठल्या ताफ्याबरोबर होता किंवा पूर ओसरलेल्या गावात मदतीला गेला होता, तर ते युनिटच्या कागदावर नीट उतरलं आहे ना, हे त्यानं किंवा त्याच्या माणसानं तेव्हाच पाहायला हवं. वर्षभरानं ते युनिट दुसऱ्या टोकाला गेलेलं असतं आणि साहेबही बदललेला असतो.

न्यायालयांनी या बाबतीत जवानांची बाजू बरीच उचलून धरली आहे. धरमवीर सिंग हा सिग्नल्सचा जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि आकडीच्या आजारामुळं १९९४ मध्ये बोर्ड आऊट झाला. बोर्डानं २० टक्के दिले, पण नोकरीशी संबंध नाही असं लिहिलं. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तो साध्या माणसाला पटेल असा आहे. भरतीच्या वेळी तुम्हीच तपासलंत, तेव्हा हा आजार तुम्ही नोंदवला नाहीत, म्हणजे तो नंतर झाला असं धरायचं. तो नोकरीमुळं नाही झाला म्हणायचं असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डानं कारणं लिहायला हवीत. नुसता शिक्का चालणार नाही. २०१४ मध्ये सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात तेच न्यायालय आणखी पुढं गेलं. प्रकृतीमुळं घरी पाठवलं असेल तर अपंगत्व २० टक्क्यांहून कमी असूच शकत नाही, असं त्यानं म्हटलं.

पैशांचा हिशेब एका उदाहरणानं सांगतो. शेवटचा हिशेबात धरायचा पगार ४०,००० रुपये धरू. १०० टक्के अपंगत्वाला या पगाराच्या ३० टक्के मिळतात, त्याहून कमी असेल तर त्या प्रमाणात. म्हणजे ३० टक्के अपंगत्वाला ३,६०० रुपये. पण ५० च्या खालचे टक्के ५० धरायचे, ५० ते ७५ पर्यंतचे ७५ आणि त्यावरचे १००, अशी सोय आहे. ३० चे ५० झाले की तेच ६,००० रुपये होतात, वर महागाई भत्ता. ही सोय आधी फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना होती. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ती मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिली. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला लढाईतल्या जखमेसाठी ३० च्या जागी ६० टक्के, म्हणजे दुप्पट. दोन-तीन दुखणी असतील तर त्यांच्या टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, एकत्रित आकडा कमी भरतो. त्याला फसवणूक समजू नये.

एक मोठा बदल मात्र लक्षात ठेवावा लागतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. नोकरी पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांसाठी 'इम्पेअरमेंट रिलीफ' नावाची वेगळी रक्कम आली आणि रक्तदाबासारख्या आजारांचे टक्के बरेच खाली आले. त्या तारखेनंतर घरी आलेल्यानं शेजारच्या जुन्या पेन्शनरचे आकडे आपल्याला लावू नयेत.

दावा फेटाळला तर? पत्र मिळाल्यापासून ६ महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर पुन्हा ६ महिन्यांत दुसरं. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचा कायदा २००७ चा, काम २००९ मध्ये सुरू झालं, आणि आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. उशीर झाला म्हणजे सगळंच बुडालं असं नाही. पेन्शनचा हक्क महिन्या-महिन्याला नव्यानं डावलला जातो, असं न्यायालयं मानतात. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून मागची थकबाकी सहसा तीनच वर्षांची मिळते. दहा वर्षं उशीर केलेल्या माणसाची सात वर्षांची रक्कम अशीच जाते.

अपील लिहायला आधी बोर्डाचे कागद हवेत. ते रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागता येतात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. अर्ज कसा लिहायचा हे नांदेडच्या आणि लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. टक्केवारीवर काम करून देतो म्हणणाऱ्या दलालाला डिस्चार्ज बुकची मूळ प्रत कधीही देऊ नये. आणि जिल्हा रुग्णालयातून मिळालेलं दिव्यांग प्रमाणपत्र वेगळ्या कायद्याचं, २०१६ च्या. त्यावरचे ४० टक्के सैन्याच्या बोर्डाला बांधील नसतात. पुरावा म्हणून मात्र ते फाईलला जरूर लावावं.

चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं आणि मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र असल्यामुळं आपल्याकडची पोरं त्या दलांतही खूप आहेत. त्यांना वरचं काही लागू नाही. त्यांचे नियम मुलकी नोकरांच्या असाधारण पेन्शनचे, आणि दाद न्यायाधिकरणात नाही, उच्च न्यायालयात. अग्निवीराला तर मासिक पेन्शन नाहीच. त्याला १००, ७५ आणि ५० टक्के अशा तीन पायऱ्यांवर एकरकमी ४४, २५ आणि १५ लाख मिळतात. पण त्यालाही पहिला प्रश्न तोच विचारतात : नोकरीमुळं झालं का?

काकांचं काय झालं? आम्ही नाशिक रोडला अर्ज पाठवला. काही आठवड्यांनी जाड लिफाफा आला. त्यात १९८६ चा भरतीच्या वेळचा तपासणीचा कागद होता. उजवा कान ६१० सेंटिमीटर, डावा कान ६१० सेंटिमीटर. २००८ चाही होता. त्यावरही तेच दोन आकडे, आणि खाली काकांची ठसठशीत सही. निवृत्तीला १५ वर्षं उलटल्यावर दावा केला आणि तोपर्यंत नोकरीचे कागद नष्ट झालेले असतील, तर सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर येते, असं २००८ चे नियम सांगतात. काकांचे कागद जपून ठेवलेले निघाले, पण ते साक्ष देतात ती त्यांच्याच विरुद्ध.

आता नांदेडला काढलेला ऑडिओमेट्रीचा रिपोर्ट, डॉक्टरांचं पत्र आणि त्यांच्या तोफेवरच्या दोन जुन्या साथीदारांची निवेदनं जोडून अर्ज तयार होतोय. मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण त्यांचा पुतण्या गेल्या वर्षी तोफखान्यात लागलाय. रविवारी त्याचा फोन आला की काका मोबाइल उजव्या कानाला धरतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "फायरिंग झालं का? कान दाखवला का एमआय रूमला? चिठ्ठी घेतली का?" तिकडून उत्तर येईपर्यंत डोळे मिटून ऐकत राहतात. मग वही ओढतात आणि तारीख लिहून घेतात.